पोळ्याला जुंपायचं नाही

प्रशिक्षण केंद्र,
१० ऑगस्ट २०२५

ती. सौ. पंचफुलाआत्यास,
ऋतिकचा शि. सा. न.

मी ठीक आहे. पोलीस शिपायाचं प्रशिक्षण म्हणजे पहाटेपासून धावायचं आणि धावून झालं की उभं राहायचं. इथे फोन चालत नाही म्हणून तो तुझ्याकडे ठेवला. रविवारी घरी दोन मिनिटं बोलू देतात, पण आईबाबांजवळ हा विषय काढता येत नाही. म्हणून पत्र.

गेममधला बैल तू रोज जुंपत असशीलच, तरी पुन्हा सांगतो. गाडी एक, बैल दोन. एक माझा, एक काकांच्या शुभमचा. गणपती बसले की गेमचा नवा मुलूख उघडणार, नदीपलीकडचा. आम्ही दोघं वर्षभर त्याचीच वाट पाहतोय. तोवर दोन्ही बैल रोज जुंपले गेले तर गाडी सोबत पलीकडे जाईल आणि दोघांना एकाच शिवारात जमीन मिळेल. एक जरी खाडा पडला तरी जोडी फुटते. मग तो एका टोकाला आणि मी दुसऱ्या.

तुला हा पोरखेळ वाटेल. पण बाबा आणि काका वेगळे झाले, घरच्या खऱ्या जोडीतला एक बैल आमच्याकडे राहिला आणि दुसरा, लाख्या, काकांकडे गेला, तेव्हापासून शुभम माझ्याशी बोललेला नाही. आंजीच्या स्टँडवर मी दिसलो की मान वळवतो. मीही तेच करतो. गाडीला मात्र दोघंही रोज बैल जुंपतो. आत्या, आमचं बोलणं तेवढंच उरलंय. फोन तुझ्याकडे आहे हे त्याला माहीत नाही.

तुझा माझ्यावर लोभ आहेच, थोडा बैलावरही असू दे.

तुझा,
ऋतिक


केळझर,
१५ ऑगस्ट २०२५

चि. ऋतिक यास पंचफुलाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आमच्या वावरात भेंडी जोरात आहे, वांग्याला अळी लागली आहे. सकाळची तोडणी झाली की हात धुते आणि तुझा बैल जुंपते. परवा तो चिखलात फसला तेव्हा मी बांधावरूनच त्याला हाकारलं. घरचे म्हणाले, बाई, तुले याड लागलं का, मोबाईलशी बोलून राह्यली.

शुभमचा बैल माझ्या आधीच हजर असतो. लहानपणी माझ्याकडे आले की तुम्ही एका ताटात जेवायचे. आता बैलांमार्फत बोलता. तुझा बाप आणि काका दोघं माझेच भाऊ, आणि दोघंही सारखेच हेकट. सांगून सांगून मी थकले.

काळजी करू नकोस. पोळा जवळ आला आहे. घरच्या बैलांसोबत तुझ्याही बैलाचं सगळं रीतीने करते.

पायाला जप. आशीर्वाद तर रोजचेच आहेत.

तुझी आत्या


प्रशिक्षण केंद्र,
१९ ऑगस्ट २०२५

ती. सौ. आत्यास सा. न.

तुझं पत्र आत्ता हाती पडलं आणि रीतीने हा शब्द वाचून लगेच लिहायला बसलो. पोळ्याला आपल्याकडे बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. पण आत्या, हा बैल जुंपावाच लागेल. त्याला ना भूक, ना थकवा. तुला कसलंही पाप लागणार नाही, लागलंच तर माझ्या नावावर घाल.

हे पत्र शुक्रवारच्या पोळ्याआधी पोचतं की नाही, देव जाणे. हवालदारसाहेबांकडे एक फोन मागितला. घरी कोणी आजारी आहे का, असं त्यांनी विचारलं. मला खोटं बोलवलं नाही. आता रविवारीच फोन मिळेल, आणि तोवर पोळा होऊन गेलेला असेल.

रागावू नकोस. जीव थाऱ्यावर नाही, म्हणून असं लिहिलं.

ऋतिक


केळझर,
२४ ऑगस्ट २०२५

चि. ऋतिक यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल, पोळा झाल्यावर तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिळालं. मी बैल जुंपला नाही, बाबा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदेमळणीला, घरच्या बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावलं, तसंच तुझ्याही बैलाला लावलं. फोनची काच पिवळी झाली. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या, असं त्यालाही म्हटलं. पोळ्याला फोन देवाजवळ ठेवून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. जेवायला बोलावलेल्या बैलाला जुंपायचं कसं? आणि मला वाटलं, शुभमही आपलाच पोरगा, तोही जुंपणार नाही.

काल उघडून पाहिलं तर जुवाची तुझी बाजू जमिनीला टेकली होती. शेजारच्या समीक्षाने वाचून सांगितलं, जोडी फुटली. मला घास गेला नाही. माझ्यावर रागव, पण बोलणं सोडू नकोस. आपल्या घरात ते फार लवकर सोडतात.

माया करतेस का, असं विचारू नकोस. मायेपायीच हे झालं.

तुझी आत्या


आंजी (मोठी),
३ सप्टेंबर २०२५

प्रिय ऋतिक,
स. न. वि. वि. बऱ्याच दिवसांनी तुला लिहितो.

पोळ्याच्या सकाळी मी आधी लाख्याच्या पाया पडलो आणि मग चोरासारखा फोनमधला बैल जुंपला. तुझी बाजू रिकामी होती. संध्याकाळपर्यंत रिकामीच. तू कधी खाडा करत नाहीस. पळताना पडलास की काय, तुला काही झालं की काय, मनात नाही नाही ते आलं. कोणाला विचारणार?

दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी गेलो. तुझे बाबा ओसरीवर होते. काऊन आला, मोठे बाबा म्हणाले. मी विचारलं, ऋतिक बरा हाय ना. ते ताडकन उठले. त्यांना वाटलं, मलाच काही वाईट कळलंय. दोघंही घाबरून एकमेकांकडे पाहत उभे राहिलो. मोठी आई धावत आली आणि म्हणाली की रविवारी बोलला तेव्हा तू चांगला होतास. मग मला फोनमधल्या बैलाची सगळी गोष्ट सांगावी लागली. फोन आत्याकडे आहे हे तेव्हा कळलं. मोठे बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मोठ्या आईने शिळी पुरणपोळी वाढली, ती खाऊनच आलो.

नवा मुलूख उघडला. मला एकट्यापुरती वाट मिळाली आहे, पण मी गेलो नाही. बैल नदीच्या अलीकडेच बांधून ठेवला. तू आलास की दोघंही पहिल्यापासून सुरू करू.

आणखी एक. काल मोठ्या बाबांनी कपाशीतलं तण काढायला, डवरणीसाठी, लाख्या मागितला. आमच्या बाबांनी दावं सोडून माझ्या हातात दिलं. तुमच्या दारात मी जरा थबकलो. लाख्या थांबला नाही. मला ओढत आत गेला आणि आपल्या जुन्या खुंट्याजवळ जाऊन उभा राहिला.

पत्र टाक. आता नुसता बैल जुंपून भागणार नाही.

तुझा,
शुभम