विहिरीच्या वरच्या अंगाला

गुरुजी, तुमच्या विहिरीच्या पाण्याला घाण वास येतोय. आपल्या नांदे गावचा ओढा आता भर उन्हाळ्यातही वाहतो, पण हरखून जाऊ नका. वरच्या सोसायट्यांचा आणि आम्ही भाड्यासाठी बांधलेल्या खोल्यांचा मैला आहे तो. काळा, फेसाळ. तोच झिरपून विहिरीत उतरतो. पुलावरून जाताना मी नाकाला रुमाल लावतो, तरी घरी येऊन जेवण जात नाही.

चौथीत शहरांचा धडा शिकवायला तुम्ही आम्हाला याच ओढ्यावर आणलं होतं. खाऊन धान्य उरायला लागलं, कुंभार, लोहार, व्यापारी एका जागी जमले आणि नदीकाठी शहरं वाढली, एवढं पुस्तकात होतं. तुम्ही पुस्तक मिटलंत. "माणसं जमतील रं, पण त्यांची घाण कुटं जाणार? ज्यांनी आधी गटारं बांधली त्यांचीच शहरं टिकली." आपल्या ओढ्यालाही रीत होती. वर प्यायचं पाणी, खाली धुणं, त्याच्याखाली जनावरं. त्याच आठवड्यात मी आळसानं म्हैस वरच धुतली आणि तुम्ही पाहिलंत. मारलं नाहीत. म्हशीखालचं पाणी तांब्यात भरून माझ्यापुढे धरलंत. "घे, पी." मी रडायला लागलो. "तुला वंगाळ वाटतंय, ते दुसऱ्याला पाजतोस व्हय?" तांब्या ओतून टाकलात आणि पुन्हा तो विषय काढला नाहीत.

आपल्याकडे शहर आलं ते कुणाचं धान्य उरलं म्हणून नव्हे. शेजारच्या हिंजवडीत कंपन्यांत कामाला येणाऱ्यांना रात्री पाठ टेकायला जागा हवी होती आणि आम्हाला भाडं. आधी मजले चढले, मग पाण्याचे टँकर आले, गटाराचं नाव अजून कुणी काढत नाही. शिसारी येते मला या सगळ्याची, आणि ती सांगायला तोंड नाही.

गेल्या आठवड्यात काकूंनी बोलावून घेतलं. तुमच्या माघारी त्या अजून विहिरीजवळच्या घरात एकट्याच राहतात. तांब्या पुढे केला. तोच तांब्या, गुरुजी.

"वास घे. कुणाचं रं हे?"

"वरच्या बिल्डरचं, काकू."

"उकळून पितीया मी, तरी पोट बिघडतंय. ह्यांच्या हाताखाली शिकलेला तू, म्हणून तुला सांगतीया. बघ काय व्हतंय का."

बिल्डरचंही आहेच. पण विहिरीच्या सगळ्यात जवळ, वरच्या अंगाला जो पाइप ओढ्यात सुटतो, तो माझा आहे. संडासाच्या सेफ्टी टाकीसाठी ठेवलेल्या जागेवर मी भाड्याच्या दोन खोल्या वाढवल्या.

हे तुम्हाला पोचणार नाही म्हणून लिहिता आलं. काकूंचं घर हाकेच्या अंतरावर आहे, तिथे हा कागद नेणं मला जमलेलं नाही. काल पाण्याचा जार मात्र घेऊन गेलो. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मी तो फिरवू दिला.