जहाजाला मागचे दार नसते

शिरूर (घोडनदी)
१४ नोव्हेंबर २००६

जावईबापू हौसराव यांसी,

बापूसाहेब पलांडे यांचा सप्रेम नमस्कार. वरवंडला सर्व क्षेम असेल असे गृहीत धरतो. तुमचा खोकला बसला का, नव्या बोअरला पाणी लागले का, आणि आमची सविता तुमच्याशी बोलू लागली का, हे कळवावे. (तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक आहे, तरी विचारणे ही रीत आहे.) तुमच्या मातोश्री, म्हणजे आमच्या विहीणबाई कस्तुराबाई, गेले काही दिवस आमच्याकडे मुक्कामाला आहेत. त्यांची प्रकृती उत्तम आहे. माझी नाही. जमीन अजून हलते आहे.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. घोड-भीमा दूध संघाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला तुमच्या बाजूचा एकही संचालक पोहोचला नाही, तो फितुरीमुळे नव्हे, तर समुद्र आणि इंजीन यांच्यामुळे. यवतच्या ढाब्यावर तुम्ही चारचौघांत "सासऱ्यानंच माझा गळा कापला" असे म्हणालात, असे माझ्या कानावर आले. तीस वर्षे मी शिरूरच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. आरोप कितीही जवळच्या माणसाने केला तरी त्याला हेतू आणि उदाहरण लागते. तुमच्याकडे दोन्ही नाहीत. माझ्याकडे उदाहरण आहे, आणि ते मी ओकारीसह भोगले आहे.

प्रथम, उभयपक्षी मान्य असलेल्या गोष्टी. संचालक अकरा. तुम्ही धरून तुमचे पाच, तुमचे प्रतिस्पर्धी पोपटराव धरून त्यांचे पाच, आणि निवृत्तीनंतर पाळलेल्या दोन म्हशींच्या बळावर निवडून आलेला मी, अकरावा. माझे मत तुम्हांला, हे ठरलेले. तुमच्या पाचांत महिला राखीव जागेवर तुम्ही मातोश्रींना उभे केलेत, "सही घरात राहील" म्हणून. (हे वाक्य ध्यानात ठेवावे; पुढे लागणार आहे.) निवडणुकीआधी संचालकांना सहलीला नेऊन सांभाळण्याची आपल्याकडची पद्धत तुम्हांला मी सांगायला नको. गेल्या खेपेला महाबळेश्वरी नेलेले आपले दोघे स्ट्रॉबेरी आणतो म्हणून हॉटेलच्या मागच्या दाराने गेले, ते थेट पोपटरावांच्या जीपमधून सभेत उतरले. यावरून मी तुमच्या ओसरीवर असा युक्तिवाद मांडला: जिथे मागचे दार आणि मोबाईलची रेंज असते, तिथून संचालक फुटतो, जहाजाला दोन्ही नसते, म्हणून संचालक जहाजावर ठेवावेत. तुम्ही मला टाळी दिलीत. मुंबईहून गोवा आणि परत, उतरल्यावर थेट शिरूरच्या सभेत, असा बेत ठरला. तुम्ही हार, पेढे आणि बँड बघायला मागे राहिलात.

पहिला धक्का मला समुद्राने नव्हे, पोपटरावांनी दिला. मुंबईचा किनारा दिसेनासा झाल्यावर आम्ही चहाला वरच्या डेकवर गेलो, तर तिथे फुलाफुलांचा सदरा घालून पोपटराव बटाटेवडा खात बसलेले, आणि भोवती त्यांचे चारही संचालक! (आपली माणसे नजरेआड करायची नाहीत, म्हणून हे गृहस्थ जातीने आले होते.) वडा त्यांच्या हातातून पडला. "सर, तुम्ही?" एवढेच ते म्हणाले. आपले सावळाराम मात्र कपाळाला हात लावून म्हणाले, "आयला, आख्खा संघच समुद्रात!" दोन्ही पक्षांनी एकच जहाज कसे निवडले, याचे कारण मी योग्य स्थळी देईन. तूर्त तो योगायोग समजावा.

जाताना समुद्र शांत होता. परतीच्या दिवशी दुपारच्या जेवणावेळी तो बदलला. "समुद्र खवळला" हे वाक्य मी पुस्तकांतून पुष्कळदा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी पुढच्या वाक्याकडे गेलो आहे. प्रत्यक्षात पुढचे वाक्य येतच नाही. टेबले जमिनीला बोल्टने आवळलेली होती, आम्ही नव्हतो. वरणाचे भांडे आमच्या टेबलावरून पोपटरावांच्या टेबलावर गेले आणि थोडे रिकामे होऊन परत आले. दूध संघातली एकी मी इतकी प्रथमच पाहिली: दहा संचालक दोन खांबांच्या आधाराने होते, आणि कोणता खांब कोणत्या पक्षाचा हे कोणी विचारत नव्हते.

तेवढ्यात खालून घण घातल्यासारखा आवाज झाला आणि जिन्याकडून धूर आला. जावईबापू, मी हजारो विद्यार्थ्यांना फळ्यावर धूर काढून दाखवला आहे, आणि त्यावरून अग्नी सिद्ध केला आहे. त्या दिवशी आयुष्यात प्रथमच माझे अनुमान चुकावे अशी मी मनापासून इच्छा केली. ते चुकले नाही. आग लहान होती, लगेच विझवली. परंतु इंजीन बंद पडले, दिवे गेले, आणि जहाज लाटांना आडवे झाले. कोणीतरी हिंदीत "थोडी तकनीकी दिक्कत" असल्याचे जाहीर केले. ज्या स्वरात जाहीर केले, तो स्वर माझ्या मनातून जात नाही.

केशरी जॅकेटे वाटली गेली. दगडोबांनी (पोपटरावांचे) ते विजारीसारखे पायांत घातले. पोपटरावांनी सावळारामांच्या मांडीवर डोके ठेवले आणि जे जेवले होते तेही तिथेच ठेवले. तीन वर्षे एकमेकांवर अर्जफाटे करणारी ही दोन माणसे! सावळाराम त्यांची पाठ चोळत "होऊ द्या, होऊ द्या" म्हणत होते.

या सगळ्यात एक व्यक्ती खांबाला पाठ लावून, मांडी घालून, शेंगदाण्याच्या चटणीशी भाकरी खात होती. त्या तुमच्या मातोश्री. जहाजावरचे अन्न त्यांनी पहिल्या दिवसापासून शिवले नव्हते. पदराच्या गाठीतली सुंठ त्यांनी एकेकाच्या हातावर ठेवली, पक्ष न विचारता. पोपटरावांनी ती घेतली आणि एकदम त्यांचे पायच धरले. "आई, एवढा किनारा दाखवा, अध्यक्षपदावर पाणी सोडतो!"

"मी काय जहाज चालीवती व्हय?" विहीणबाई म्हणाल्या. "आन् पाणी सोडतो म्हंजी? कुणाच्या पदरात टाकतूस ते बोल."

"तुम्हीच घ्या, आई. हौसरावाला तेवढं नको."

"आमच्याबी तोंडाला आलं हाय ते इलेक्शन," असे सावळाराम मांडीवरचे डोके सावरत म्हणाले.

मग, हौसराव, ज्या कस्तुराबाई तीन वर्षांत एकाही सभेत "हं" च्या पुढे बोलल्या नव्हत्या, त्या बोलू लागल्या. लाटेनेही मला इतके हलवले नव्हते. "बायकांच्या किटलीतलं दूध आलं की मशीनवर फॅट कमी कसं लागतंय? गडी घेऊन आला की त्याच म्हशीचं जास्ती कसं? ते मशीनवालं माणूस बदलणार असंल तर मी बसते खुर्चीवर. न्हाईतर तुमची खुर्ची बुडू द्या हितंच."

मी हरकत घेतली. भीतीपोटी दिलेला शब्द ग्राह्य नसतो, हे मी खांबाला मिठी मारून का होईना, पण स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, "बरं पाव्हणं. मग जमिनीवर गेल्यावर परत इचारा."

दुसऱ्या जहाजाने आम्हांला ओढत मुंबईला आणले तेव्हा एक दिवस उलटून गेला होता. सभेच्या वेळी तुम्ही शिरूरच्या सभागृहात एकटे बसला होतात आणि बाहेर बँडवाले वाजवू का म्हणून विचारत होते, हे मला नंतर कळले. मनापासून वाईट वाटले. गणपूर्ती झाली नाही आणि अधिकाऱ्यांनी येत्या सोमवारची तारीख दिली, हे तुम्ही जाणताच. तुम्हांला ठाऊक नाही ते एवढेच: धक्क्यावर उतरल्यावर, दोन्ही पाय कोरड्या फरशीवर ठेवून, मी सर्वांना पुन्हा विचारले. नऊ हात वर आले. दहावा कस्तुराबाईंचा, त्यांच्या हातात गाठोडे होते. कारण साधे आहे. पोपटराव निवडून आलेले आपल्याला चालणार नाहीत, तुम्ही त्यांना चालणार नाही. आणि शिवाय त्या अंधारात कोण काय काय बोलले, कोणी कोणाच्या नावाने हंबरडा फोडला, हे सगळे विहीणबाईंना पाठ आहे. धक्क्यावर त्यांनी पोपटरावांकडे पाहून फक्त "सांगू का रं?" असे विचारले. पोपटरावांचा हात सर्वांत आधी वर गेला.

तात्पर्य: तुमच्या बाजूचे कोणी फुटले नाही, उलट त्यांचे पाचही आपल्या घरात आले. फितुरी तिथे होते जिथे खुर्ची घराबाहेर जाते. इथे ती ओसरीवरून माजघरात गेली. प्रतिज्ञा सिद्ध झाली असे मी मानतो. सविताला आशीर्वाद. खोकल्याला सुंठ घ्यावी, अनुभव आहे.

तुमचा सासरा,
बापूसाहेब पलांडे

ता. क. : सोमवारच्या अर्जावर सूचक म्हणून सही हवी. ती पोपटराव द्यायला तयार आहेत, पण विहीणबाई म्हणतात, "सूचक माझा हौशाच. त्यानं सही केल्याबिगर मी वरवंडला येत न्हाई. त्याला म्हणावं, तूच म्हणालतास, सही घरातच ऱ्हायली." रविवारी जीप घेऊन यावे. त्या दिवसातून दोनदा फाटकापाशी जाऊन पुण्याच्या रस्त्याकडे बघतात आणि गाडी बघायला गेले नव्हते असे सांगतात.

पुन्हा ता. क. : वर "योग्य स्थळी देईन" म्हटलेले कारण राहिले. ते वगळण्याचा माझा विचार होता. परंतु विहीणबाई समोर बसल्या आहेत आणि "तुम्ही लिहिता का मी सांगू?" असे तिसऱ्यांदा विचारत आहेत; त्या अंधारात मीही काही बोललो होतो. तर : दिवाळीत यवतच्या एका साखरपुड्यात पोपटराव माझ्या पंगतीला होते. संचालक ठेवायला डोंगरावरचा बंगला सर्वांत सुरक्षित, असे ते सहज म्हणाले. चुकीचे विधान मला तसेच सोडून देता येत नाही. मी त्यांना पंगत उठेपर्यंत जहाजाचा युक्तिवाद समजावून सांगितला, त्यांचे दोन्ही आक्षेप खोडून काढले, आणि ते पटल्याचे त्यांच्याकडून वदवून घेतले. जहाजाचे नावही त्यांनी विचारले; उदाहरणाशिवाय युक्तिवाद पुरा होत नाही, म्हणून तेही सांगितले.

ही एक चूक माझी.

(सही) बा. रा. पलांडे