घोड्याची शेपटी आणि मणक्यातली गाठ

ती. दादांस,
सा. न. वि. वि. इकडे सगळं ठीक आहे, आणि हे वाक्य या खेपेला सवयीनं नव्हे, डॉक्टरांच्या तोंडून ऐकून लिहितोय. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींना नमस्कार.

तुमच्या बहिणीची कंबर धरली होती. (कपाट एकटीनं सरकवलं. मी घरातच होतो, पण मला उठवण्यापेक्षा कपाट सरकवणं सोपं, असं तिचं म्हणणं.) म्हणून एमआरआय काढला. रिपोर्ट शनिवारी हातात पडला आणि हाडांचे डॉक्टर परगावी, ते सोमवारी येणार. मुद्रितं तपासण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला न कळणाऱ्या शब्दांचा कागद देऊन गप्प बसायला सांगितलं, तर तो बसेल का? मी व्युत्पत्तीचा जाडा कोश काढला.

सुरुवात मजेत झाली. ‘कॉडा इक्विना’ म्हणजे लॅटिनमध्ये घोड्याची शेपटी. कण्याच्या टोकाला नसांचा झुपका असतो, तो तसा दिसतो म्हणे. आपण ज्याला माकडहाड म्हणतो, तिथं ग्रीकांना कोकिळेच्या कुळातल्या पाखराची चोच दिसली. त्याच्या वरचं ‘पवित्र हाड’ (का पवित्र, यावर पंडितांचं एकमत नाही). हे सगळं मी तुमच्या बहिणीला वाचून दाखवलं. तिनं पडल्या पडल्या विचारलं, की एवढी जनावरं सांभाळून मला कणा उरलाय का. पुढं बऱ्याच मणक्यांसमोर ‘अनरिमार्केबल’ लिहिलं होतं. म्हणजे नाव घेण्याजोगं काही नाही, असं मी सांगितलं, तर तिला ते लागलं.

मग आला ‘हिमँजिओमा’. तो मी मनात वाचला. ग्रीकमध्ये ‘हायमा’ म्हणजे रक्त, ‘अँजिऑन’ म्हणजे भांडं, आणि शेवटी ‘ओमा’ लागला की गाठ. दादा, कोश मिटला. तिला सांगितलं, पुढची छपाई पुसट आहे. रविवारी मी चहा केला, भांडी घासली, खिडक्यासुद्धा पुसल्या. दुपारी तिचा डोळा लागला तर जवळ जाऊन श्वास बघून आलो. मिठाचा डबा कुठं असतो ते इतक्या वर्षांत प्रथमच कळलं, आणि कळलं म्हणूनच डोळ्यांत पाणी आलं (कांदा नव्हता).

सोमवारी डॉक्टरांपुढं मी सगळी मुळं एका दमात ओकून टाकली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आजोबा, कातडीवर तीळ असतो ना, तसा हा हाडातला,” ते म्हणाले. “कितीतरी लोकांना असतो. काही करत नाही. कंबर स्नायूमुळं धरलीय.”

दादा, मी खुर्चीत अक्षरशः सांडलो. त्या आनंदात, ‘मसल’ म्हणजे मुळात लॅटिनमधला छोटा उंदीर, हे मी त्यांना ऐकवलं. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आता ती हिंडतेफिरते आहे. शेकायचं, वाकायचं नाही, एवढंच पथ्य.

तुमचा मेहुणा

ता. क. खरं काम असं, की तिनं त्याच दवाखान्यात माझ्याही छातीच्या तपासणीचा नंबर लावलाय, पुढच्या आठवड्यात. जिना चढताना थोडं दुखतं, एवढंच. ‘पेशंट’चं मूळ ‘सोसणारा’ असं निघालं, आणि तो माझा स्वभाव नाही. तुम्ही सोबत याल का? तिला नेलं तर ती हसते.

ता. क. दादा, हे माझं अक्षर आहे, ओळखशीलच. पत्र टाकायला यांनी माझ्याकडंच दिलं. मशीनमधून उतरल्यावरच तिथल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या होत्या, तिळासारखं काहीतरी आहे, घाबरू नका. मी यांना सांगणारच होते, तेवढ्यात हे खिडक्या पुसायला लागले. तू मात्र नक्की ये. मी हसते ते भीती वाटते म्हणून.