मागचं हँडल

दि. ४ मार्च

ती. काकूस,
सा. न. वि. वि. तुझी तीन पत्रं आली, माझं एकही गेलं नाही. लिहायला बसलो की कुणीतरी पंक्चर घेऊन यायचं. निदान, यावं म्हणून मी रस्त्याकडे बघत बसायचो.

खरं सांगतो, तू एका सीटची करायला दिलेली तुमची दोन सीटची सायकल मी अजून कापलेली नाही. दुकानात छताला टांगलीय. करवत तीनदा हातात घेतली. मालक म्हणतात, एवढ्यात उंदरांनीसुद्धा कुरतडली असती. काका जाऊन वर्ष झालं, पण पुढच्या सीटवर मला तेच दिसतात गं. मला शिकवताना मागून धरलेली सीट त्यांनी कधी सोडली, कळलंही नव्हतं.

कापायला नकोच. मी पुढे बसतो, तू मागे.

रागावलीस तरी लोभ आटवू नकोस.
तुझा भटक्या

दि. ९ मार्च

चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद. दोन वर्षांत पाच नोकऱ्या बदलल्यास. तुझ्या मागे बसून मी कुठे पोचणार?

अरे, मागचं हँडल वळत नाही. छत्तीस वर्षं ते धरून मी काकांचा शर्ट बघत गेले. सुखाने गेले. आता दुसऱ्या कुणाच्या मागे बसायचं नाही. रडायचं तेवढं रडून झालं. टेकडीपलीकडे बहिणीकडे जायचंय, तेही रस्ता बघत. मागच्या सीटपुढचा काळा रंग खरवड, करवत कुठे चालवायची ते कळेल. २० तारखेला न्यायला येते.

जेवत जा. माझी माया आहेच, तिला उत्तरं पाठवत जा.
काकू

दि. १६ मार्च

ती. काकूस,
सा. न. वि. वि. काळ्याखाली निळा रंग निघाला, आणि काकांच्या हातचा ओबडधोबड जोड. म्हणजे दोन वेगळ्या सायकली जोडल्या होत्या, आणि मागची तुझी होती. मी आपला समजत होतो, दुकानातून आणलेली.

बरोबर जोडावर कापली. मोडतोय असं वाटलं नाही. तुझी तुला परत देतोय असं वाटलं. पुढचं चाक धरायला नवा चिमटा, आणि ते चाकही नवं. हँडल वळतं, काकू. मी दहादा नुसतं वळवूनच पाहिलं. मालक म्हणाले, पुरे, चक्कर येईल त्याला. काकांचा अर्धा भाग मी ठेवतो. त्याला मागचं चाक लावून तुझ्या मागून टेकडीवर येईन. आता तुझ्या सायकलचं एकच काम उरलंय, ते...

चार दिवस आधीच तू दारात. पायात कोरे बूट. पत्र हातातच द्यावं म्हणून सही करेपर्यंत सायकल घेऊन रस्त्याला लागलीससुद्धा.

लोभ असावा, हे पळता पळता सांगतो. ब्रेक अजून खोक्यातच आहेत.
भटक्या