ज्योतीवर न दिसलेलं शिसं

ता. ९ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायला हात सवयीनं वळला होता. आईचा गुडघा बरा आहे. तू परगावी गेल्यापासून आपल्या प्रयोगशाळेत कुणी वेळेवर येत नाही. मी मात्र पाण्यातला कणभर धातूही पकडणारं भट्टीचं यंत्र चालू केलं. हो, तू ‘खर्चिक लाड’ म्हणून झाकून ठेवलेलं तेच.

धाकटीला सातवा महिना लागलाय. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय, तर बाईसाहेब तांब्या घेऊनच बसतात.

त्या पाण्याबद्दलच लिहायचंय. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे हॉटेलवर पाठवतेय.

तिच्या इमारतीचं पाणी बिल्डरनं आपल्याकडे तपासायला पाठवलं, तेव्हा मी विचारलं होतं, शिसं बघायचंय तर भट्टी लावूया का? तू म्हणालास, “अगं, ज्योतीच्या यंत्रावर होतंय की! लोखंड, जस्त त्यावरच बघतेस ना? उगाच शहाणपणा नको.” मी ज्योतीवरच लावलं. लोखंडाचं ठीक आहे, ते पाण्यात बरंच असतं. पिण्याच्या पाण्यात शिशाची चालणारी मर्यादा इतकी कमी, की तिच्या कितीतरी पट असलं तरी ज्योतीच्या यंत्राला दिसत नाही. हे तूच मला शिकवलंस, माझा कान धरून. तरी वाटलं, दादाला जास्त कळतं. आपण ‘शिसं सापडलं नाही’ असं कळवलं, बिल्डर खूश झाला, आणि मी धाकटीला म्हणाले, निर्धास्त पी.

परवा तिच्या नळाचं सकाळचं पहिलं पाणी आणून भट्टीवर लावलं. मर्यादेच्या चौपट शिसं. पुन्हा लावलं, तेच. बाटलीतच काही खोट नाही ना, म्हणून तिच्यात शुद्ध पाणी भरून तेही तपासलं. खोट नव्हती.

तरीही मी म्हणत होते, दादाची चूक झाली असेल. मग धाकटीच हसत म्हणाली, “दादा आला की चहासुद्धा घेत नाही, घरून पाण्याची बाटली आणतो. मोठा माणूस झालाय!”

म्हणजे तुला माहीत होतं. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तू मुद्दाम न दिसणारं यंत्र निवडलंस, स्वतःपुरती बाटली भरलीस आणि तिला तिथंच राहू दिलंस. बाबांच्या मागे तू आम्हाला वाढवलंस रे. तुझ्यावर रागवायचं कसं, तेही मला येत नाही. नुसती चीड येते आणि रडू येतं.

इमारतीतल्या घराघरांत जाऊन मी सांगून आले. लोकांनी ऐकलं, बाहेरून पाणी आणायला लागले. ते तुला दादा म्हणत नाहीत. धाकटी म्हणाली, “तायडे, तू उगाच घाबरवतेस. दादानं तपासलंय ना? तो सांगेपर्यंत मी ऐकायची नाही.” आणि माझ्यासमोर पेला भरून प्यायली.

मला उत्तर नको. तिला फोन कर. आत्ता, हा कागद हातात असतानाच.

या खेपेला आशीर्वाद मागत नाही.

तुझी,
मधली