माझ्या पिक्सची आणि वन्संच्या खोलीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय गिटार वाजवणे व शिकवणे, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणून माझ्याकडून काही करवून घेता येईल, असे वाटणारे लोक या घरात होऊन गेले, त्यांचा अनुभव विचारावा. वकिलांच्या कचेरीत टाइप झालेला एक मसुदा आहे, तो रद्द समजावा.

तो रद्द का, तेही लिहिते. मी वकिलांना फोनवर सांगितले होते, "घर, दोन गिटारी आणि माझे सगळे पिक्स." मसुद्यात आले, 'माझ्या मालकीच्या जमिनीतील सर्व उभी पिके'. माझी जमीन म्हणजे मागच्या दाराची एक कुंडी, आणि तिच्यातही काही उभे राहत नाही. मी पुन्हा फोन केला. पिक म्हणजे गिटारीच्या तारा छेडायचा, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचा छोटा चपटा तुकडा, असे शाळेतल्या मुलाला सांगावे तसे सांगितले. वकील म्हणाले, "अच्छा, प्लास्टिकचा तुकडा! मग तो 'इतर किरकोळ वस्तूं'मध्ये टाकू."

त्याच दिवशी ठरवले, हे आपले आपणच लिहायचे.

कलम १. घर.

हे घर माझ्या दिवंगत यजमानांनी माझ्या नावे केले. ते शाळेत भूगोल शिकवत. नद्यांची उगमस्थाने त्यांना तोंडपाठ होती, पण स्वतःच्या सख्ख्या बहिणीला या घरात कायम जागा राहील, एवढे एक वाक्य कागदावर घालायचे त्यांना सुचले नाही. मी आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, "तू आहेस ना." त्यांचा सगळा संसार या तीन शब्दांवर चालला. विजेचे बिल भरायला तू आहेस ना, मुलाच्या शाळेत बोलावले तर तू आहेस ना. आता मी नसेन तेव्हाचे लिहायची वेळ आली, तर तेही काम माझ्याकडेच.

त्यांची बहीण म्हणजे माझी थोरली नणंद. मी त्यांना वन्सं म्हणते, आणि पुढेही तसेच लिहीन. वन्सं सासर सोडून एक ट्रंक घेऊन आल्या आणि मागच्या खोलीत राहिल्या. का आल्या ते कुणी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. मागची खोली आणि मी जिथे गिटार शिकवते ती पुढची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही पातळ. मी वाजवायला बसले की पलीकडून मूठ आपटायची. धप्, धप्. मी थांबायची नाही. आमच्या नात्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे पुष्कळ वर्षे काही घडले नाही.

आता चिरंजीवांचे. मागच्या वर्षी ते एका दलालाला घेऊन आले. दलालाने भिंतींवर बोटे वाजवून पाहिली, छताकडे बघून सुस्कारा टाकला आणि माझ्याच खुर्चीत बसून चहा घेतला. तो गेल्यावर चिरंजीव म्हणाले, "आई, तू माझ्याकडे ये राहायला. जागा आहे. आत्यासाठी मी एक चांगलं ठिकाण बघितलंय. नर्स असते, बाग आहे."

"आत्याला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? तुमचं तर आयुष्यभर पटलं नाही. तुझीच सुटका होईल की."

मुलगा वाईट नाही. आजारपणात त्याने माझी उस्तवार केली, रात्रंदिवस केली. पण बापासारखाच त्याचाही नकाशा पाठ आणि रस्ता माहीत नाही. म्हणून स्पष्ट लिहिते: माझ्या पश्चात वन्संना हयातभर मागच्या खोलीत, स्वयंपाकघरात आणि मागच्या अंगणात राहण्याचा व वावरण्याचा पूर्ण हक्क राहील. त्यांच्या हयातीत घर विकता, गहाण टाकता, भाड्याने देता किंवा दलालाला दाखवता येणार नाही. त्यानंतर घर चिरंजीवांचे. मग त्यांनी त्याचे काय वाटेल ते करावे, मी बघायला येणार नाही.

आमचे पटले नाही म्हणता म्हणता मी हे असे का लिहिते, हे चिरंजीवांना पुढच्या कलमात कळेल. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचावे. मधली पाने गाळून निकाल बघायची सवय त्यांना आहे.

कलम २. पिक्स.

हे सगळे कपाटातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. 'सगळे सारखेच तर असतात,' असे म्हणणाऱ्याच्या हाती डबा जाऊ नये. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकले आहे. यजमानांकडून, चिरंजीवांकडून, दुकानदारांकडून, आणि ज्यांना निदान लाज वाटायला हवी होती त्या वादकांकडूनसुद्धा.

सारखे नसतात. पातळ पिक तारेवर वाकतो, म्हणून तो सगळ्या तारांवरून भराभर फिरवायला बरा, आवाज उजळ आणि थोडा फडफडणारा. जाड पिक वाकत नाही. एकेक सूर भरीव निघतो, पण हात जड असेल तर ठोकल्यासारखे वाटते. टोक अणकुचीदार असेल तर सूर टोचतो, गोल असेल तर मऊ होतो. गुळगुळीत पिक घामाने निसटतो. आणि हे सगळे समजल्यावरही जो पिक तुमच्या बोटांना आपला वाटत नाही तो तुमचा नव्हे, मग तो परदेशातून आणलेला असो. चप्पल निवडताना लोक दुकानात चार फेऱ्या मारतात. पिक मात्र गल्ल्यावरच्या वाडग्यातून न बघता उचलतात.

मी हे हॉटेलच्या बँडमध्ये शिकले. तिथे मी एकटी बाई. बँडमास्तर पहिल्या दिवशी म्हणाले, "बाई, तुम्ही मागे बसा आणि फार ऐकू येऊ नका." मी पातळ पिक घेतला, आणि बाकी सगळ्यांचे आवाज जाड असल्यामुळे माझा उजळ आवाज थेट शेवटच्या टेबलापर्यंत पोचायला लागला. मास्तरांना कळेना, ही मागे बसूनही पुढे कशी. मी त्यांना सांगितले नाही. सगळे सांगायचे नसते.

मग तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या अंगठ्याचे सांधे गेले. चिमूट बसेना. पिक दोन ओळी टिकायचा आणि फिरायचा, तिसऱ्या ओळीला सुटून गिटारीच्या पोटात पडायचा. मग गिटार उलटी धरून हलवा. शिकवणीला येणाऱ्यांसमोर ही शोभा झाली तेव्हा मी शिकवणी बंद केली, गिटार पेटीत ठेवली आणि पेटी पलंगाखाली सरकवली.

सल्ले सुरू झाले. फिजिओथेरपिस्टने दाबायला चेंडू दिला. एका ओळखीच्याने पिकला डिंक लावायला सांगितले. तो पिक माझ्या अंगठ्याला चिकटला आणि साबणाने सोडवावा लागला. चिरंजीवांनी ऑनलाइन एक भलेमोठे पाकीट मागवले, एकाच जाडीचे, एकाच आकाराचे, फक्त रंग निराळे. म्हणाले, "पडला तर दुसरा घे. एवढे आहेत." माणसाचा पाय घसरत असेल तर त्याला चपलांचे जोड वाढवून देऊन काय उपयोग?

असा उन्हाळा गेला. एक दिवस दुपारी वन्सं पुढच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. या खोलीत त्या सहसा येत नसत.

"वाजवत का नाहीस गं?"

"हातात पिक धरवत नाही. आणि तुम्हाला त्रासच होत होता ना? भिंत बडवत होतात."

"मग आता काय बडवू?" त्या म्हणाल्या. "नुसती बसून असते मी तिकडे."

मला राग आला. इतक्या वर्षांनी चौकशी करायची, तीही अशी! मी म्हटले, "वन्सं, माझा अंगठा गेलाय, तुमची करमणूक नाही."

त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "अंगठा जायच्या आधी तू काहीतरी जाड घेऊन वाजवत होतीस. ते वाईट होतं. सतरंजी झोडपल्यासारखं. त्याच्या आधीचं बारीक बरं होतं, पण त्याने कधीकधी भांडी घासल्यासारखं व्हायचं. मुलगा लहान होता तेव्हा एक होतं, ते चांगलं होतं. ते कुठंय?"

तो पिक कासवाच्या पाठीसारखा दिसणारा होता, खरोखरच चिरंजीव लहान असताना माझ्याकडे होता आणि झिजून मोडला होता. हे माझ्याशिवाय जगात कुणाला ठाऊक आहे, असे मला कधी वाटले नव्हते. बँडमधल्या एकालाही कळले नव्हते. यजमान तर शेजारी बसून पेपर वाचत.

मी पेटी ओढली, डबा काढला आणि त्यांना म्हटले, "बसा. एकेक वाजवते, सांगा."

"इथे नाही," वन्सं म्हणाल्या. "समोर बसलं की तुझं तोंड दिसतं. कळत नाही मग. मी माझ्या खोलीतून ऐकते. नको असेल तर बडवीन."

आणि गेल्या.

मी पहिला घेतला. धप्. दुसरा. धप्. महागातला, मखमली पिशवीतून आलेला, मी स्वतःसाठी कौतुकाने घेतलेला: जोरात धप्. चिरंजीवांच्या पाकिटातला लाल, निळा, हिरवा. सगळ्यांना धप्, रंग न बघता. काही माझ्या चिमटीतूनच सुटले, त्यांनाही पलीकडून धप्. मी चिडून ओरडले, "तो वाजलाच नाही अजून!" पलीकडून आवाज आला, "तेच म्हणतेय!"

डब्याच्या तळाशी एक मोठा तिकोनी पिक होता. तिन्ही बाजू सारख्या, खरबरीत नायलॉनचा, ना जाड ना पातळ. असा पिक वापरणाऱ्यांना मी जन्मभर हसत आले. त्याला फावडे म्हणत आले. पण मोठा असल्यामुळे अंगठ्याच्या टोकावर नाही, सबंध पेरावर बसला. चिमूट लागली नाही, नुसते टेकवले तरी राहिला. मी एक संथ चाल धरली. दोन ओळी झाल्या, तिसरीला तो फिरला नाही. भिंत गप्प. चौथी झाली. भिंत गप्प. मला वाटले वन्सं झोपल्या. अशा वेळी झोपणे त्यांना शोभून दिसले असते. मी गिटार ठेवून तणतणत त्यांच्या दारात गेले.

पलंगावर बसल्या होत्या, भिंतीला कान लावून. मूठ वर उचललेली, तशीच.

"थांबलीस का?" त्या म्हणाल्या. "चांगलं चाललं होतं."

तेव्हापासून मी रोज वाजवते. शिकवणीही पुन्हा सुरू केली. आणि चिरंजीव, तुमच्या आत्याला त्या बागेच्या ठिकाणी का पाठवायचे नाही, याचे कारण वरीलप्रमाणे आहे. तिथल्या भिंती जाड असतात.

तिकोनी पिक माझ्याबरोबर जाळू नये. तो व डबा माझ्या शिष्येला, दातांच्या डॉक्टरीणबाईंना द्यावा. त्यांचा ताल कच्चा आहे, पण निवडायला त्या वेळ घेतात. रंगीत पाकीट चिरंजीवांना सन्मानपूर्वक परत.

कलम ३. गिटारी.

जुनी गिटार डॉक्टरीणबाईंना, या अटीवर की वन्सं आहेत तोवर आठवड्यातून एकदा पुढच्या खोलीत येऊन ती वाजवावी. धप् आले तर वाईट वाटून घेऊ नये, पिक बदलावा. दुसरी गिटार बँडमधल्या सॅक्सोफोनवाल्याला देऊ नये. त्याने मागितली आहे, तो मागणारच. वाजवायला येत नसताना तो माझे पिक्स खिशात घालून न्यायचा आणि त्यांनी दात कोरायचा. ती गिटार शाळेला द्यावी.

कलम ४. बँकेतली शिल्लक.

वन्संच्या खोलीचे छत आधी दुरुस्त करावे. दलालाचा सुस्कारा तेवढ्यापुरता खरा होता. उरेल ते चिरंजीवांचे. मधल्या भिंतीला मात्र कसलेही जाड अस्तर लावू नये.

कलम ५. निष्पादक.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉक्टरीणबाईंनी करावी. चिरंजीवांनी मनाला लावून घेऊ नये. त्यांच्यावर विश्वास आहे. त्यांच्या घाईवर नाही.

कलम ६.

हे कलम माझ्या मनात नव्हते. वकिलांना हे सगळे वाचून दाखवले, तर म्हणाले, "नणंदबाई तुमच्या आधी गेल्या तर काय, ते लिहायला हवं. त्या तुमच्याहून मोठ्या आहेत."

मी म्हटले, बघते. वन्संना विचारले. त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तुझं तू लिही. मला विचारून मरणार आहेस का तू?"

चार दिवस हे कलम कोरे ठेवले. वकिलांचा रोज फोन. अखेर लिहिते: वन्सं माझ्या आधी गेल्यास मागची खोली रिकामी ठेवावी, तिचे दार उघडे ठेवावे, आणि मला त्या दिवशी कुणी समजवायला येऊ नये. मी वाजवत असेन. पलीकडून काही येते का, ते मला नीट ऐकू द्यावे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि तो मला मान्य आहे. अक्षर वाकडे आहे ते अंगठ्यामुळे, मनामुळे नाही.

सही : (गिटारवाली बाई)

आमच्यासमक्ष सही केली, आणि सही करताना पेन तीनदा बदलले :

साक्षीदार पहिला : फिजिओथेरपिस्ट (चेंडूवाले)
साक्षीदार दुसरी : समोरच्या घरातल्या शिवणकामवाल्या काकू

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ११ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार