फ्यूज खिशात नव्हता

आधी घडलेले, क्रमाने.

१. मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. पुनावळ्याची आमची साइट, सातवा मजला, सकाळचे ११ वाजून १० मिनिटे.
२. मी जिन्यातल्या तात्पुरत्या बोर्डातला फ्यूज काढला आणि बोर्डाच्या डोक्यावर ठेवला.
३. आत हॉलमध्ये येऊन शिडीवर चढले. माझे उस्ताद वायरमन नवाबचाचा यांनी खालून शिडी धरून विचारले, "फ्यूज कुठं हाय?"
४. मी म्हणाले, "खिशात."
५. त्या दिवशीच्या पँटला खिसा नव्हता.
६. सुपरवायझर सिद्धेश याला स्लॅबवर पाणी मारायला पंप हवा होता. त्याला फ्यूज बोर्डावर दिसला. त्याने लावला.
७. मला शॉक बसला. मी पडले. डावे मनगट मोडले.
८. रजिस्टरमध्ये लिहिले गेले : "वायरमन नवाब यांनी न विचारता लाइन चालू केली." चाचांचा गेटपास त्याच दिवशी काढून घेतला.

मी, रोहिणी गोरक्ष येळवंडे, वय २६, राहणार निघोजे, तालुका खेड, धंदा बांधकामावरील वायरिंग, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. सही उजव्या हाताची असल्याने प्लास्टरची अडचण नाही. कोणी बळजबरी केलेली नाही. उलट आईने अडवून पाहिले. "लग्नाचं बघायचं तर हिला येळ न्हाई, अन् मृत्युपत्र लिहायला बसली," असे ती शेजारच्या केसरबाईंना माझ्यासमोर म्हणाली. मरायची घाई नाही. पण सात मजले वर काम करणाऱ्याने कागद तयार ठेवावा, हे मला चार तारखेला पटले.

कलम १. घर. माझ्या नावावर नाही. पुढे.

कलम २. बँकेतली शिल्लक आईची. त्यातून माझ्या नावाने अन्नदान वगैरे करू नये. स्वयंपाकघरातला मिक्सरचा प्लग बदलावा. दोन वर्षे सांगते आहे.

कलम ३. स्कूटर भाऊ सुरज याला. अट एकच : ब्रेक दाबायला शिकावे.

कलम ४. मल्टीमीटर, टेस्टर आणि वायर सोलायचा चिमटा चुलतबहीण पुनम हिला. ती राजगुरुनगरला आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुनम, टेस्टर आधी चालू असलेल्या लाइनवर लावून बघ, मग बंद लाइनवर. बंद पडलेला टेस्टर सगळ्याच लाइनी बंद दाखवतो. आणि पँट घेताना आधी खिसा बघ, रंग नंतर.

कलम ५. मालोजी गवंडी यांना एक हातोडी व एक छिन्नी. स्लॅबमध्ये पाइप टाकून, भिंतीत बॉक्स बसवून, त्यांची तोंडे कागदाने बंद करून मी खाली येते आणि मालोजी त्यावर सरळ प्लास्टर ओढतात. विचारले तर म्हणतात, "दिसलंच न्हाई ताई, भिंत कशी एकसारखी आली बघा." या इमारतीत अशी सतरा बॉक्स गाडलेली आहेत. माझ्या पश्चात ती त्यांनीच शोधावीत. नकाशा मिळणार नाही.

कलम ६. नकाशा, म्हणजे माझ्या तीन वह्या, नवाबचाचांना. कुठला पाइप कुठून निघून कुठे उतरतो, प्रत्येक खोलीची मापे त्यात आहेत. स्लॅब पडल्यावर पाइप कोणाला दिसत नाही, वहीच दिसते. पक्कडही त्यांचीच आहे, पहिल्या दिवशी त्यांनी दिलेली, ती परत त्यांनाच.

इथे चाचांबद्दल लिहिणे भाग आहे. चाकणच्या शेडपासून पुनावळ्याच्या टॉवरपर्यंत पाच वर्षे मी त्यांच्या हाताखाली काम केले. त्यांची एकच पद्धत. फ्यूज काढला की तो वर चढणाऱ्याच्या खिशात. मग ते विचारणार, "फ्यूज कुठं हाय?" वरच्याने "खिशात" म्हटल्याशिवाय ते शिडी सोडत नाहीत. पाच वर्षांत हे हजारदा तरी झाले असेल. पहिल्या महिन्यात मी चिडून म्हणाले होते, "चाचा, रोज काय विचारता?" ते म्हणाले, "एक दिवस तू खोटं बोलशील, तवा कळंल."

मी खोटे बोलले, तेही सवयीने. ते मान हलवून शिडी सोडून वायरचे बंडल आणायला गेले. चूक माझी पहिली, सिद्धेशची दुसरी. चाचांची कुठलीच नाही.

कलम ७. ती बिनखिशाची पँट ठेकेदारांच्या ऑफिसला. महिलांसाठी खास शिवून घेतलेला गणवेश आहे, असे पँटी वाटताना त्यांनी सांगितले होते. धुऊन, इस्त्री करून द्यावी.

कलम ८. दहाव्याला मांडव घातला तर मांडववाल्याची वायरिंग आधी पुनमने तपासावी. टेप गुंडाळलेल्या जोडाखाली पाहुणे बसवू नयेत.

कलम ९. सिद्धेश याला काही ठेवलेले नाही, कारण तो साक्षीदार हवा आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रात वाटा चालत नाही. मनातून ठेवायचेही नव्हते. दवाखान्यात तो शहाळे घेऊन आला होता.
"मला वाटलं कुणाचा तरी राहिलाय, म्हणून लावला. मुद्दाम नाही केलं."
"माहीत आहे. मग ऑफिसात सांग."
"बघतो."
त्याला आठ दिवस झाले. मी स्वतः ऑफिसात सांगून आले. ठेकेदार म्हणाले, "तुला शॉक बसलेला, तुला काय आठवणार?" म्हणजे शॉक न बसलेला माणूस पाहिजे.

कलम १०. सर्व व्यवस्था सुरजने पाहावी. न जमल्यास पुनमला विचारावे. म्हणजे पुनमलाच विचारावे.

ठिकाण : निघोजे
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५
सही : रोहिणी गोरक्ष येळवंडे

साक्षीदार १ : केसरबाई मालपोटे, शेजारी. (सही करण्यापूर्वी त्यांनी "तू मरणार हायेस का गं?" असे विचारले. नाही, असे उत्तर दिले.)

साक्षीदार २ : ____________

सिद्धेश, ही जागा तुझी आहे. माझ्यासमोर सही करावी लागेल. पहिल्या पानावर सहाव्या मुद्द्यासमोर "हे खरे आहे" एवढे लिहून तिथे दुसरी सही कर. तुझी चूक मी कुठेही मोठी करून लिहिलेली नाही, वाचून बघ. सोमवारी १७ तारखेला ठेकेदार अहवाल मुख्य कंपनीला पाठवणार आहेत. त्यानंतर चाचांचा गेटपास कायमचा रद्द होईल आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना कुठल्याच साइटवर कोणी घेणार नाही. त्या पानाची प्रत मी त्याआधी ऑफिसात देईन. तुझ्या सहीसह किंवा सहीशिवाय.

शनिवार, १५ नोव्हेंबर, संध्याकाळी सहापर्यंत हो की नाही ते लेखी कळव. "बघतो" चालणार नाही.